ज्याची त्याची बंदूक

वॉरियर नावाचा तो लाव्ह्यातला राक्षस एकदाचा कोसळला तेव्हा रात्रीचे पावणेदोन वाजले होते. एप्रिल महिना, साल २०१३. खाली गल्लीत मिरची कुटायच्या डंकांची धडधड केव्हाच थांबली होती, पण तिखटाचा वास मात्र जिन्याने वर येऊन बसलेला. पडद्यावर क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या धुडाच्या अंगातून बंदुका, ढाली, ग्रेनेड, नोटा असं सगळं कारंज्यासारखं उडालं आणि जमिनीवर विखुरलं. या खेळात पडलेल्या प्रत्येक वस्तूतून उजेडाची एक काठी वर उभी राहते. पांढरी म्हणजे भंगार. हिरवी बरी, निळी चांगली, जांभळी दिसली की पोरं शिट्टी मारतात. नारिंगी क्वचित. त्या रात्री नारिंगी काठी एकच होती आणि आम्ही होतो चौघं.

भिंतीपलीकडून थोरला भाचा ओरडला, "कुणी हात लावायचा नाही हां!" माझ्या शेजारी बसलेल्या धाकट्याने तेवढ्यात लावला होता.

दोघे भाऊ चार दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. पोळ्या लाटता लाटता वहिनीने मला विचारलं, "वन्सं, ह्यांचं बिनसलंय कशावरून?" मी म्हटलं, "बंदुकीवरून." ती हातातलं लाटणं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिली.

मी त्या वेळी बारावीला तर्कशास्त्र शिकवत होते. आता निवृत्त आहे. लग्न केलं नाही, माहेरीच राहिले, लालबागच्या चाळीत दोन खोल्यांत भाऊ, वहिनी, दोन भाचे आणि आई. आई माळकरी. तिच्यासमोर बंदुकांचा खेळ नको म्हणून आम्ही रात्री ती झोपल्यावर बसायचो, आणि ती झोपलेली नसायची. थोरल्याने पहिल्या नोकरीच्या पैशातून प्लेस्टेशन आणलं, पाठोपाठ पलीकडच्या खोलीतल्या मावशींच्या नातवानेही आणलं. पडदा मधोमध कापून एका घरात दोघं खेळू शकतात. म्हणून आमच्या खोलीत मी आणि धाकटा, पलीकडे थोरला आणि तो नातू. हेडफोन घ्यायची गरज कुणाला पडली नाही. चाळीची भिंत तेवढं काम चोख करते.

खेळाचं नाव 'बॉर्डरलँड्स २'. अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या गिअरबॉक्स कंपनीने तो सप्टेंबर २०१२ मध्ये आणला. पोरं त्याला 'को-ऑप शूटर' म्हणतात. मी त्याचं मराठी करून पाहिलं, 'सहकारी नेमबाजी', तर भाऊ म्हणाला, "चेअरमन कोण?" आपल्याकडे सहकार म्हटला की साखर कारखाना आणि बँक आठवतात, इलाज नाही. पँडोरा नावाच्या रुक्ष ग्रहावर चार भाडोत्री शिकारी एका गुप्त तिजोरीच्या मागे लागलेले असतात आणि हँडसम जॅक नावाचा एक गुळगुळीत बोलणारा कंपनीमालक त्यांच्या वाटेत असतो. ज्याला मारायचं त्याला मारलं की अनुभवाचे गुण मिळतात, गुण साठले की पातळी चढते, पातळी चढली की एखादं कौशल्य उमलतं. नाटकातल्या पात्रासारखं आपलं पात्र आपण घडवत न्यायचं. बंदुका कुणी एकेक रेखाटून ठेवलेल्या नाहीत. नळी एकीकडची, दस्ता दुसरीकडचा, दुर्बीण तिसरीकडची असे भाग यंत्र आपल्या मनाने जोडत जातं. त्यामुळे पुढच्या पेटीत काय निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं आणि त्या 'काय निघेल'वर अख्खा खेळ तरलेला आहे.

परीक्षण म्हणाल तर लगेच उरकते. हँडसम जॅक अप्रतिम लिहिला आहे. आपण खलनायक नसून नायक आहोत यावर त्याचा इतका प्रामाणिक विश्वास आहे की त्याचं बोलणं मी वर्गात 'गृहीतक चुकलेलं अनुमान' म्हणून वापरलं असतं. क्लॅपट्रॅप नावाचा बडबड्या यंत्रमानव पहिल्या तासात हसवतो, दहाव्या तासात त्याला बांधून ठेवावंसं वाटतं. गाडी चालवणं दिव्य. पाठीवरची पिशवी फार लहान, त्यामुळे निम्मा वेळ काय टाकू नि काय ठेवू यात जातो. आणि मेल्यावर आपल्याला पुन्हा घडवून उभं करणारं जे यंत्र आहे, न्यू-यू, ते जॅकच्याच कंपनीचं. खिशातले थोडे पैसे कापून घेतं आणि वर एक टोमणा मारतं. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच यंत्रातून पुनर्जन्म. माझे वडील गिरणीत साचे चालवायचे. त्यांना हे सांगितलं असतं तर त्यांना त्यात नवल वाटलं नसतं.

हिंसेचं काय, असं आईने एकदा विचारलं होतं, झोपेचं सोंग सोडून. मी म्हटलं, सोंगट्या मरतात तशी ती माणसं मरतात. ती म्हणाली, "मग ओरडता कशाला माणसं मेल्यासारखे?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. पण त्याने माझी झोप उडाली नाही. झोप उडाली ती नारिंगी काठीने.

माझं पात्र होतं माया. ती 'सायरन', म्हणजे अंगात शक्ती असलेली बाई. शत्रूला हवेत उचलून बुडबुड्यात कोंडते. तिच्या कौशल्यांत 'हार्मनी' म्हणून एक फांदी आहे, त्यात 'रिस्टोरेशन' घेतलं की सोबत्यावर झाडलेली गोळी त्याची जखम भरते. म्हणजे माणसाला वाचवायचं तर त्याच्यावर नेम धरायचा. मी मास्तरीण, मला हे फार ओळखीचं वाटलं. पुढे 'रेस' नावाचं कौशल्य मिळतं, त्याने पडलेल्या सोबत्याला लांबूनच उठवता येतं. ते मिळेपर्यंत मात्र धावत जाऊन, त्याच्या शेजारी बसून, बटण दाबून धरावं लागतं. एक वर्तुळ हळूहळू भरतं. तोवर तुमच्या बंदुकीचा उपयोग नाही आणि गोळ्या तुमच्या पाठीत.

"आत्या, पडलो, पडलो, ये ना!"

"आले रे, दम धर."

पडलेल्या माणसाला उठायचे दोन मार्ग. त्या अवस्थेत, जीव निसटता निसटता, कुणाला तरी ठार केलं तर तो आपोआप उठतो. नाहीतर कुणीतरी येऊन उठवलं तर. मारून उठा किंवा दुसऱ्याच्या हाताने उठा. यावर मी एक अख्खा तास घेऊ शकले असते. शिवाय उठवण्याचीही नोंद होते: किती सोबत्यांना उठवलंत याचं एक आव्हान यादीत असतं, ते पुरं झालं की 'बॅडॅस रँक' नावाच्या खात्यात गुण जमा होतात आणि ते तुमच्या पुढच्या सगळ्या पात्रांना, म्हणा पुढच्या सगळ्या जन्मांना, किंचित बळ देत राहतात. चित्रगुप्ताची वही. पोरं कधीकधी मुद्दाम पडून एकमेकांना उठवायची, नुसतं पुण्य साठवायला. आईने एकादशीला जोडून दुसरी एकादशी केली तर वडील असेच हसायचे.

तर मुद्दा वाटणीचा. या खेळात पैसे कुणीही उचलले तरी चौघांच्या खिशात तेवढेच पडतात. तिथे भांडण नाही. बंदूक मात्र जो उचलेल त्याची. पंच नाही, चिठ्ठी नाही, पाळी नाही. दर दोन मिनिटांनी जमिनीवर काहीतरी चमकतं आणि दर दोन मिनिटांनी चार माणसांना तोंड न उघडता ठरवावं लागतं की आपण कोण आहोत. जांभळी दुर्बीणवाली बंदूक पडली, ती माझ्या पायाशी आहे, पण धाकट्याचा झीरो लांबून नेम धरणारा, तिचा उपयोग त्याला. मी उचलते की सरकते? कीर्तनात वैराग्यावर दोन तास ऐकण्यापेक्षा ही दोन सेकंदं जड असतात, हे मी अनुभवाने सांगते.

मी सरकायची. नेहमीच. पोरांचा खेळ, आपण काय, हौसेला बसलोय. महिन्याभरात ठरूनच गेलं की आत्याला नको असतं. वॉरियरच्या पोटातून निघालेली ती 'कॉन्फरन्स कॉल' बंदूक भावाभावांत चार दिवस घुमली, पण ती मायालाही चालली असती हा विचार त्यांच्याच काय, माझ्याही डोक्यात आला नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. मोहापायी, काही न कळता कर्तव्य सोडून दिलं तो तामस. त्रास होईल, कटकट होईल म्हणून सोडलं तो राजस. आणि करायचं ते करून फळावरचा हक्क सोडला तो सात्त्विक. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहून १९१५ साली छापलेल्या 'गीतारहस्या'त कर्म सोडायचं नाही हा मुद्दा शेकडो पानं लढवला आहे. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली, त्यांचाही सारा भर फलत्यागावर. हे मी वर्षानुवर्षं वाचत आले. पण राजस त्यागाबद्दल गीता जे बजावते, की त्याने त्यागाचं फळ पदरात पडत नाही, ते मला बावन्नाव्या वर्षी प्लेस्टेशनसमोर लागलं. मी बंदुका सोडत होते त्या भांडण नको म्हणून. पुण्य शून्य.

आमच्या मजल्यावर बारा खोल्या आणि एक नळ. पाणी पहाटे साडेचारला यायचं, सहाला जायचं. रात्रीच बादल्यांची रांग लागायची. माणूस झोपलेलं असायचं, त्याची बादली उभी. कुणाची पिवळी, कुणाची कान तुटलेली, आमची कळशी पोचा आलेली, सगळ्यांना सगळ्यांच्या ओळखीच्या. त्या रांगेत मी काय नाही पाहिलं. दुसऱ्याची बादली पायाने मागे सारताना पकडलेला हात. केस धरून झालेली भांडणं. आणि तिथेच, पलीकडच्या मावशींना टायफॉइड झाला तेव्हा आईने सव्वीस दिवस त्यांच्या दोन कळश्या आधी भरल्या आणि मग आपलं पिंप. पिंप कधी अर्धं राहायचं, मग वडील गिरणीतच अंघोळ करून येत. आई याला त्याग म्हणत नसे. "पाणी भरलं" म्हणायची.

तिच्याबरोबर मी लहानपणी सप्ताहाच्या काल्याला बसायची. चाळीतल्या मोकळ्या जागेत मांडव, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन, हंडी फुटली की लाह्या, पोहे, दही, लिंबाचं लोणचं असं सगळं कालवून हातावर. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला पालख्यांचा काला होतो तो याचा मोठा भाऊ. गोष्ट अशी सांगतात की गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालवल्या, कुणाची भाकरी, कुणाचा भात, कुणाचं नुसतंच ताक. मग ओळखू येईना की यात माझं कोणतं. देवांना त्या उष्ट्याचा लोभ सुटला, ते मासे होऊन यमुनेत आले, की पोरं हात धुतील तेव्हा चार शितं मिळतील. कृष्णाने पोरांना सांगितलं, हात पाण्यात धुऊ नका, घोंगडीला पुसा. मला ही गोष्ट फार आवडते, कारण यात देवांना ठेंगा आहे. स्वर्गात ज्याचं त्याला सगळं आहे. उष्टं तेवढं नाही.

आता गोष्टीचा दुसरा भाग. 'बॉर्डरलँड्स ३' सप्टेंबर २०१९ मध्ये आला. तोवर चाळ गेली होती. आम्ही त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर. थोरला बेंगळुरूला, मावशींचा नातू बदलापूरला. २०२०च्या टाळेबंदीत आम्ही चौघं पुन्हा जमलो, यावेळी हेडफोन लावून. या भागात बनवणाऱ्यांनी सुरुवातीलाच दोन पर्याय ठेवलेत. एकाचं नाव 'कोऑपरेशन': जमिनीवर पडलेला माल प्रत्येकाला वेगळा दिसतो, माझा फक्त मला, तुझा फक्त तुला, आणि ज्याच्या त्याच्या पातळीप्रमाणे. दुसऱ्याचं 'कोऑपिटिशन', म्हणजे जुनी रीत, जो उचलेल त्याचा. सहकार या शब्दाचा असा अर्थ मी प्रथमच पाहिला, की प्रत्येकाचं वेगळं ताट म्हणजे सहकार आणि एका ताटात जेवणं म्हणजे स्पर्धा.

थोरल्याने न विचारता पहिला पर्याय लावला. "आता भांडण नको, आत्या. प्रत्येकाचं प्रत्येकाला."

आणि खरंच भांडण झालं नाही. मोठा शत्रू पडायचा, चौघं आपापलं कारंजं वेचायचो, हेडफोनमध्ये पाच मिनिटं शांतता. "तुला काय मिळालं?" "हां, बरंय. तुला?" बँकेत पासबुक भरून घ्यायला उभ्या राहिलेल्या माणसांसारखे. कुणी कुणासाठी सरकलं नाही, कारण सरकून कुणाला काही मिळत नव्हतं. माझ्या पायाशी पडलेली बंदूक दुसऱ्याला दिसतच नाही, तर ती सोडण्यात काय अर्थ?

त्याच दिवसांत सोसायटीने सत्यनारायणाचा प्रसाद घरोघरी दिला. दाराच्या कडीला फ्लॅट नंबर लिहिलेली कागदी पिशवी, आत प्लास्टिकच्या डबीत शिरा. साथीचा काळ, ते बरोबरच होतं. पण साथ गेल्यावरही पिशवीच राहिली. चाळीत २६ जानेवारीच्या पूजेला शिरा पातेल्यात असायचा, वाढणारा एक, हात चाळीस. शेवटच्या पाचसहा हातांपर्यंत चमचा बारीक होत जायचा, आणि वाढणाऱ्याला मागे वळून बघावं लागायचं की अजून किती उभे आहेत. ते मागे वळून बघणं डबीत मावत नाही.

इथवर लिहून मी हा लेख संपवला होता. एका स्नेह्यांना वाचायला दिला, त्यांना आवडला, "गेले ते दिवस" म्हणाले. तिथे मला शंका आली. माझ्या लेखाने कुणाला इतकं सहज बरं वाटलं की मी तो पुन्हा तपासते, जुनी खोड.

ॲरिस्टॉटलने प्लेटोविरुद्ध हाच मुद्दा काढला होता: सगळी मालमत्ता सामाईक केलीत तर औदार्य नावाचा गुणच मरेल, कारण द्यायला माणसाजवळ आपलं असं काही हवं. ह्यूमने १७५१च्या नीतीवरच्या पुस्तकात त्याच्या शेजारचं टोक धरलं: सगळ्यांना सगळं भरपूर मिळत असतं तर न्याय ही कल्पनाच कुणाला सुचली नसती, टंचाई आणि माणसाचं तोकडं औदार्य, या दोन्हींतून न्याय जन्मतो. दोघांचं एकत्र वाचलं तर मी काय म्हणत होते? टंचाई बरी, कारण ती गुण दाखवायची संधी देते. नळ एकच बरा, कारण त्यावर आईचं चांगुलपण दिसलं. हे वाक्य मी एखाद्या विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेत वाचलं असतं तर समासात लाल रेघ ओढली असती. टायफॉइड बहुधा त्याच पाण्यातून आला होता.

आणि पाणी कुणाच्या चांगुलपणावर सोडायची गोष्ट नाही, हे आमच्या शेजारच्या परळमधल्या बी.आय.टी. चाळीत राहणाऱ्या माणसाने महाडला २० मार्च १९२७ रोजी ओंजळभर पाणी पिऊन सांगितलं. आमच्या नळावर आई कुणासाठी कळशी भरायची आणि कुणासाठी भरत नसे, हे मी वर लिहिलं नाही. मजल्याच्या टोकाची एक खोली होती. त्यांची बादली रांगेत नेहमी शेवटी असायची. ती तिथे का असते असं मी शाळेत असताना कधी विचारलं नाही आणि ती पुढे घ्या असं आई कधी म्हणाली नाही. टॉवरमध्ये त्यांची मुलगी अठराव्या मजल्यावर राहते, तिच्या घरात चार नळ आहेत. तिला मी पातेल्यातल्या शिऱ्याची महती कोणत्या तोंडाने सांगू?

वहिनीचंही असंच. गणपतीला एकवीस मोदक नैवेद्याचे, मग पुरुषांचे, मुलांचे. फुटलेले वहिनीचे. उरलेल्या उकडीत मिरची-जिरं घालून निवगऱ्या करायची आणि म्हणायची, मला गोडापेक्षा ह्याच आवडतात. तीस वर्षं आम्ही ते खरं मानलं. सामाईक ताटात सरकणारा माणूस ठरलेला असतो, हे मला आता दिसतं. तो कोण हे कुणी ठरवत नाही, आणि दरवेळी तोच निघतो. घरात वहिनी. खेळात मी. आणि मी निदान प्लेस्टेशन बंद करून उठू शकत होते.

गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. त्यांनी नफा आणि तोटा दोन्ही सगळ्या भगिनींत वाटायचं ठरवलं. एकीने सोसायचं आणि बाकीच्यांनी तिला थोर म्हणायचं, अशी सोय त्यात ठेवली नाही. पातेलं एकच, पण चमचा मोजलेला. मला वाटतं, अशा वाटणीच्या जवळपासचा पर्याय गिअरबॉक्सवाल्यांना सुचला नाही. त्यांच्याकडे एक तर धावाधाव आहे, नाहीतर वेगवेगळ्या डब्या.

आता कबुली. एप्रिल २०२०, तिसऱ्या भागात आम्ही कुठल्याशा मोठ्या शत्रूला लोळवलं. मी अमारा घेतली होती, हीही सायरनच. तिने शक्ती वापरली की पाठीमागे हातांची रांग उमटते, एकदम देवीच्या मूर्तीसारखी. कारंजं उडालं. माझ्या पायाशी नारिंगी काठी उभी. फक्त मला दिसणारी. मी शेजारच्या धाकट्याकडे पाहिलं, तो आपलं काहीतरी वेचत होता. मी ती उचलली. नाव आठवत नाही, गोळी सोडली की ती भिंतीवर आपटून उलटी यायची, माझ्या उपयोगाची मुळीच नव्हती. पण सात वर्षांत पहिली नारिंगी, आणि ती कुणी दिलेली नव्हती, कुणाच्या तोंडची काढलेली नव्हती, सरकून मिळालेली नव्हती. माझ्या वाट्याची होती. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरात जाऊन वहिनीला दाखवायला बोलावलं. ती आली, पदराला हात पुसत. पडद्याकडे बघत म्हणाली, "तुमची आहे?"

"माझीच."

"मग ठेवा. कुणाला देऊ नका."

वेगळ्या डब्यांतही द्यायची एक फट गिअरबॉक्सवाल्यांनी ठेवली आहे. आपली वस्तू जमिनीवर टाकली की ती सगळ्यांना दिसते. शिवाय मित्राला टपालाने बंदूक पाठवता येते, पँडोरावरही टपाल आहे. त्याला जाणूनबुजून बटणं दाबावी लागतात, यादीतून नाव शोधावं लागतं. धावपळीत सुटून गेलेलं हे देणं नव्हे. त्याने कुणाचं भांडण टळत नाही आणि कुणाची वाहवाही होत नाही. सात्त्विक म्हणावं का? माझा हात अजून धजत नाही. थोरल्याने इतक्या वर्षांत कधी कुणाला काही पाठवलेलं मला ठाऊक नव्हतं, त्याचा तो स्वभाव नाही. कॉन्फरन्स कॉलच्या रात्री आधी ओरडला होता तो तोच.

मे महिन्यात एकदा दुपारी मी एकटीच खेळ उघडला तर टपालात एक नारिंगी बंदूक येऊन पडलेली. पाठवणारा थोरला. मी त्याला फोन केला.

"अरे, ही काय?"

"राहू दे ना तुझ्याकडे. मला दोन मिळाल्या."

"खोटं बोलतोस."

"एक मिळाली. राहू दे गं."

मी ती घ्यायला गेले तर खाली लाल अक्षरांत पातळीची अट. बंदूक पन्नासाव्या पातळीची आणि माझी अमारा एकतिसाव्या. वापरता येईना. त्याला हे सांगितलं नाही. पाठवताना त्याने बघायला हवं होतं, पण तो असंच करतो. आईला पहिल्या पगारातून चप्पल आणली ती दोन नंबर मोठी होती, आणि आई ती कापूस घालून वापरायची.

खेळात एक तिजोरी असते, तिथे वस्तू ठेवून देता येतात. ती बंदूक तिथे आहे. मधूनमधून मी तासभर खेळते, गेल्या आठवड्यात चौतिसावी पातळी झाली.